मोहोळापाशी आवाज चढवायचा नाही

झेनोनस शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात वार्नुपे गावाच्या बास्केटबॉल संघाला शिकवायचा. पहिल्या कामाचा पगार मिळे, दुसऱ्या कामाचे सल्ले मिळत. सल्ले कुठंही मिळत. चर्चच्या पायऱ्यांवर मिळत, पावाच्या दुकानात मिळत, आणि वळणावर बस हळू झाली की कुंपणापलीकडून कुणीतरी फावडं टेकवून ओरडे, "झेनोनस, तादासला रिंगखालीच ठेव, बाहेर आणू नकोस." आमच्याकडं मूल चालायला लागलं की बाप आधी कोठाराच्या भिंतीवर रिंग ठोकतो. त्यामुळं बास्केटबॉल कळत नाही असं माणूस गावात औषधालाही सापडायचं नाही.

त्या वर्षी संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये बाद फेरीत पोचला आणि सल्ल्यांचा पूर आला. संघ म्हणजे तरी काय, तीच माणसं. कप्तान एगिस बेचाळिशीचा. तादास दर नाताळाला थोडा जाड होत गेलेला. रोलांदस चष्मा रबरानं डोक्याला बांधून खेळणारा. ह्याच मंडळींनी तरुणपणी जिल्ह्याचा चषक आणला होता आणि तेव्हापासून गाव त्यांना 'आपली पोरं' म्हणत होतं. पोरांच्या डोक्यावर आता केस उरले नव्हते, पण गाव काही शब्द बदलायला तयार नव्हतं.

"कोच, जमेल ना यंदा पोरांना?" औषधांच्या दुकानातल्या लिउदानं विचारलं.

"तूच सांग, लिउदा. दुखण्याचं मलम कोण नेतं ते तुला ठाऊक."

"मी एकाचं औषध दुसऱ्याला सांगत नसते." लिउदानं गल्ल्यावरची धूळ पुसली. "पण दुकानातलं मलम संपलंय, आणि संधिवाताच्या म्हाताऱ्या माझ्या नावानं बोटं मोडतायत. एवढंच सांगते."

झेनोनस डोकेदुखीची गोळी घेऊन बाहेर पडला.

थकलेला संघ ओळखायचा तर तो बास्केट करतो तेव्हा बघून उपयोग नाही, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं. हात म्हातारा होत नाही. एगिसचा हात साठीतही चेंडू अलगद जाळीत सोडील. बघायचं ते चेंडू हरवल्यावर. चेंडू गेला की कोण पाठ वळवून जीव घेऊन पळतो, आणि कोण आधी पंचाकडं हात पसरून बघतो. जो पंचाकडं बघतो तो खरं तर श्वास घेत असतो. फेब्रुवारीपासून एगिस पंचाकडं फार बघू लागला होता.

साखळी सामन्यांत हे झाकलं जातं. समोरचा संघ आज इथं, उद्या तिथं. कोण कुठल्या पायानं लंगडतो हे शोधायला त्याला सवड नसते. बाद फेरीत सवड असते. तिथं समोरचे सगळ्यांत हळू माणूस हुडकून काढतात आणि दर खेपेला चेंडू घेऊन त्याच्याच अंगावर जातात. बाद फेरीत ज्यांच्याशी गाठ पडणार होती त्या नदीपलीकडच्या गावाचा कोच आमचे शेवटचे दोन सामने मागच्या बाकावर टोपी कपाळापर्यंत ओढून बघून गेला होता. त्याचे डोळे चेंडूमागं फिरत नव्हते. ते एगिसच्या उजव्या गुडघ्यावर खिळले होते.

म्हणून झेनोनसनं मनाशी ठरवलं, की शनिवारच्या सामन्यात एगिसला बाकावर बसवायचं आणि पोस्टातल्या बाईचा पोरगा आर्नस सुरुवातीपासून खेळवायचा. आर्नसला अक्कल थोडी कमी होती, पण पाय होते. ठरवणं सोपं गेलं. आता ते एगिसला सांगायचं होतं, आणि तिथंच सगळं अडलं.

कारण एगिस त्याचा मोहोळभाऊ होता. मधमाश्या आमच्याकडं विकत नाहीत आणि विकत घेतही नाहीत. एकाच्या पेटीतलं मोहोळ उठून दुसऱ्याच्या बागेत जाऊन बसलं की ती दोन घरं सोयरी होतात, मग रक्ताचं नातं असो वा नसो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जूनमध्ये झेनोनसच्या माश्या उठल्या, सगळं गाव ओलांडून गेल्या आणि एगिसच्या सफरचंदाच्या झाडाला लोंबल्या. त्या दिवशी दोघांनी एका भाकरीवर मध लावून खाल्ला. आता त्या एका मोहोळाच्या सात पेट्या झाल्या होत्या, एगिसच्या बागेत, दोघांच्या मिळून. आणि त्या पेट्यांपाशी मोहोळभावांनी भांडायचं नाही. आवाज चढला की माश्या खंगतात. हे खरं की खोटं, कुणी पडताळून बघायला गेलं नव्हतं, कारण तसं करायची कुणाची छाती नव्हती.

सोमवारी मुलांना शाळेत सोडून झेनोनस बागेत गेला. ऊन पडलं होतं, विलोच्या फांद्यांवर पिवळे गोंडे फुटले होते, आणि हिवाळा काढून उरलेल्या माश्या दाराशी येऊन पंख झटकत होत्या. एगिस पेटी उघडून वाकला होता.

"ही राणी बदलायला हवी," वर न बघताच तो म्हणाला. "म्हातारी झालीय. अंडी घालते, पण इथं एक, तिथं एक. हिच्या भरवशावर उन्हाळा निघायचा नाही."

"दोन वर्षं चांगली चालली की."

"चालली म्हणून काय झालं? दादा, तुझं हे नेहमीचंच. जीव लावतोस. माशीला जीव लावून चालत नाही. उद्या पोळं रिकामं पडलं की रडत बसशील."

झेनोनसनं त्याच्या गुडघ्याकडं पाहिलं. पँटच्या आतून पट्टीचा फुगवटा दिसत होता. "एगिस, चल जरा रस्त्यापर्यंत. बोलायचंय."

"बोल की इथंच."

"इथं नको."

"मग नको बोलूस," एगिस म्हणाला आणि त्यानं दुसऱ्या पेटीचं झाकण उचललं.

मंगळवारी दुपारी तो पुन्हा बागेत. गरम चहाची बाटली सोबत, बसायला लाकडी ठोकळा, आणि फोन घरी. बुधवारी सराव संपला तेव्हा झेनोनस दारात उभा राहिला, तर एगिस कपडे न बदलताच मागच्या दारानं निघाला आणि थेट पेट्यांपाशी जाऊन पोचला. गुरुवारी हवा गार झाली, माश्या काही बाहेर यायच्या नव्हत्या, तरी हा बागेतच. गावात लोक म्हणू लागले, बघा, कप्तान सामन्याआधी कसा शांत बसतो, ध्यान लावतो.

"ध्यान," झेनोनस घरी येऊन बायकोला म्हणाला. "गाढव लपून बसलंय आणि गाव म्हणतं ध्यान."

वांदा बटाट्याची सालं काढत होती. "तू काय सांगणार ते त्याला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर दारूच्या दुकानात भेटला असता."

"मग मी काय करू? शनिवारी मैदानात सांगू, सगळ्या गावासमोर?"

"हळू आवाजात सांग की."

"भांडणार आहे तो."

"तूही हळूच भांड," वांदा म्हणाली. "माझ्याशी भांडताना कशी भिंत हादरते. एकदा शिकशील तरी."

शुक्रवारी ऊन परत आलं. एगिस ठोकळ्यावर बसला होता, उजवा पाय लांब करून. झेनोनस शेजारी गवतावर बसला. समोर माश्या पायांना पिवळे गोळे चिकटवून येत होत्या, जात होत्या. त्यानं घसा साफ केला आणि अंगाई म्हणावी तशा आवाजात सुरुवात केली.

"एगिस, राजा, उद्या तू बाकावर बसणार आहेस."

"ऐकू आलं नाही," एगिस तितक्याच गोड आवाजात म्हणाला.

"ऐकू आलंय तुला. आर्नस खेळेल."

"आर्नसला चेंडू आणि भोपळा ह्यातला फरक कळत नाही."

"त्याला पळता येतं."

"कोंबडीलाही पळता येतं, दादा. कोंबडी खेळव."

"तुझ्या गुडघ्यात पाणी झालंय."

"पाणी तुझ्या डोक्यात झालंय." एगिसनं कपाळावर बसलेली माशी फुंकर मारून उडवली. "शाळेची बस चालवून चालवून तुला सगळीच माणसं पोरंटोरं वाटायला लागलीत. मागच्या महिन्यात एकोणीस गुण केले मी. कुणी केले? आर्नसनं?"

"एकोणीस केलेस, आणि तुझ्या अंगावरून समोरच्यानं चोवीस केले. ते कोण मोजणार, तुझा काका?"

"तादास मदतीला आला नाही."

"तादासच्यानं स्वतःचंच वजन हलत नाही, तो तुला कुठून मदत करणार? तुम्ही पाचही जण एकमेकांची वाट बघता. पहिल्या अर्ध्यात हुशारीनं जिंकता, मान्य. दुसऱ्या अर्ध्यात ढुंगणाला शिसं बांधल्यासारखे उभे राहता. आणि वर म्हणता, पंच वाईट."

"पंच वाईटच होता."

"सगळे पंच वाईट असतील रे, माझ्या सोन्या? फेब्रुवारीपासून एकही चांगला पंच ह्या जिल्ह्यात जन्मला नाही?"

एगिसचे कान लाल झाले होते. मानेची शीर तटतटली होती, पण आवाज मधासारखा ओघळत होता. "तू हलकट माणूस आहेस, दादा. वीस वर्षं तुझ्यासाठी पळालो."

"म्हणून तर सांगायला आलोय. परका असतास तर उद्या भिंतीवर नाव लावून मोकळा झालो असतो."

"तेच करायचं होतंस."

"चार दिवस तुझ्या मागं फिरतोय मी. बस चालवतोय, गावाचं ऐकतोय, बायकोचं ऐकतोय, आणि तू इथं बसून माशीची राणी म्हातारी झाली म्हणून मला शिकवतोस. लाज वाटते का काही?"

एगिसनं लांब केलेला पाय दोन्ही हातांनी उचलून जवळ घेतला.

"बाकावर बसेन," तो शेवटी म्हणाला. "पण जाकीट काढणार नाही. थंडी वाजते तिथं."

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लसूण चोळून तळलेल्या काळ्या पावाचा वास दारापासून येत होता, आणि खिडक्यांच्या कठड्यांवरसुद्धा माणसं बसली होती. पाच जणांची नावं पुकारली, त्यात एगिसचं नाव नव्हतं, तेव्हा सगळ्या हॉलच्या माना झेनोनसकडं वळल्या.

नदीपलीकडचे आले ते एगिसला शोधत. तो सापडेना तेव्हा पहिली दहा मिनिटं त्यांना काय करावं सुचलं नाही. आर्नस कोंबडीसारखाच पळाला, इकडून तिकडं, कारण असो वा नसो, पण पळाला. त्याच्या मागं धावताना त्यांचा चांगला गडी फेसाळला. मध्यंतराला आम्ही पुढं होतो. तिसऱ्या सत्रातही पुढं होतो. मग तादासचे पाय गेले, रोलांदसच्या चष्म्यावर घाम चढला, आणि शेवटच्या सत्रात आर्नसनं तीन वेळा चेंडू सरळ समोरच्याच्या हातात दिला. समोरचे बरोबरीत आले, मग आम्ही दोन गुणांनी मागं.

"एगिस," गाव ओरडू लागलं. आधी एक कोपरा, मग सगळा हॉल, पाय आपटून. "एगिस, एगिस."

आठवडाभर ज्या झेनोनसनं हे सगळं तोलून मापून ठरवलं होतं, त्या झेनोनसचा धीर त्या आवाजात सुटला. तो वळला. "ऊठ," तो म्हणाला. "जा आत."

एगिस बसूनच राहिला. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. "नाही."

"नाही म्हणजे?"

"तू बरोबर सांगितलंस. आता फिरू नकोस."

"एगिस, लोक बघतायत."

"बघू देत. मी आत गेलो की ते सगळे माझ्याच अंगावर येतील, आणि तुला ते माहीत आहे. पोराला ओरड, चेंडू हातात धर म्हणावं. मला काय सांगतोस?"

झेनोनस पोराला ओरडला. पोरानं चेंडू हातात धरला, एकदा बास्केटही केली, पण समोरच्यांनी दोन केल्या. चार गुणांनी आम्ही हरलो आणि वार्नुपेचा हंगाम संपला.

हॉलच्या बाहेरच्या बोळात गावानं झेनोनसला घेरलं. पावाच्या दुकानातली बाई तर छातीशी येऊन उभी राहिली.

"कप्तानाला बसवून ठेवलंस. सगळा हॉल ओरडत होता, बहिरा झालास का?"

"त्याचे हात अजून सोन्याचे आहेत," कुणीतरी मागून म्हणालं.

"द्वेष, दुसरं काय. बसवाल्याला मोठा माणूस बघवत नाही."

झेनोनसच्या ओठांवर आलं होतं, की त्यालाच विचारा, तो उठला नाही. एगिस तिथंच होता, चार पावलांवर, भिंतीला टेकून. गावाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्याच्याकडं बघत होतं. झेनोनसनं तोंड मिटलं. ते उघडायचं काम त्याचं नव्हतं, ज्याचं होतं तो उभा होता.

"एगिस, तूच सांग," बाई म्हणाली. "तू गेला असतास तर जिंकलो असतो की नाही?"

एगिसनं शांतपणे विचार केला. "काय सांगता येतं," तो म्हणाला. "जिंकलोही असतो."

लोक हळहळत पांगले. जाताना प्रत्येकानं एगिसच्या खांद्यावर थाप मारली आणि झेनोनसकडं पाठ फिरवली. बोळ रिकामा झाला. बाहेर गाड्या सुरू होऊ लागल्या.

"दादा," एगिस भिंतीपासून न हलता म्हणाला, "मला घरी सोड. माझी गाडी इथंच राहू दे."

"का? काय झालं गाडीला?"

"गाडीला काही नाही. सकाळी येताना ब्रेकवर पाय ठेवताना देव आठवला. आता तर तो पाय वाकतच नाही."

झेनोनसनं त्याला काखेत धरून पायऱ्या उतरवल्या, आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागं सरकवून पाय आत घेतला. मग त्यानं चारही काचा वर केल्या. गाव संपून शेतं लागली आणि त्यानं तोंड उघडलं. आदल्या दिवशी अंगाईच्या सुरात जे जे बोलला होता ते सगळं त्यानं पुन्हा सांगितलं, ह्या खेपेला छाती फुटेस्तोवर, आणि त्यात नवंही पुष्कळ घातलं: मागचं दार, ध्यान, कोंबडी, एकोणीस गुण, जिल्ह्यातले सगळे पंच, आणि 'जिंकलोही असतो'. 'जिंकलोही असतो' तर त्यानं तीनदा सांगितलं. एगिस गुडघा दोन्ही हातांत धरून ऐकत राहिला.

"तुझं खरं आहे, दादा," तो मध्येच एकदा म्हणाला. "फक्त खड्डे बघून चालव."