कोंडवाड्यातली नोकरी

आमच्या गावाचं शहर झालं आणि गुराख्याचं नशीब उघडलं. गायरानावर बस डेपो आला, गुरं दावणीला अडकली आणि हा दुकानाच्या पायरीवर माश्या मारत बसला. जेवायला मात्र बहिणीकडे. अक्का त्याची थोरली बहीण, विधवा, माझी शेजारीण. आई गेल्यावर तिनंच याला वाढवलं. तिच्याकडे एक म्हैस होती आणि त्या दुधावरच दोघांची पोटं चालायची.

मग नव्या नगरपालिकेचा हुकूम निघाला, शहरात गुरं नकोत. गाडी आली, दोरखंड घेऊन माणसं आली. आमची गुरं त्यांच्या बापाला सापडतात होय! एका रेड्याने तर मुकादमालाच गटारात लोळवला. आम्ही पोट धरधरून हसलो.

ते हसणं अंगलट आलं. मुकादमाला कुणीतरी सांगितलं, हा गुराखी नुसती हाक मारतो, गुरं मागून चालू लागतात. झालं! दुसऱ्या दिवशी याच्या अंगावर खाकी शर्ट. जन्मभर ज्याने चारलं, त्याच्या हाकेला मुकं जनावर येणारच. गोठेच्या गोठे ओस पडले. लोकांनी शिव्या घातल्या, तर म्हणे, "मी नाही नेली तर दुसरा नेईल." अरे, दुसऱ्याला सापडली असती तर ना!

शेवटी अक्काची म्हैस उरली. अक्काने तिला स्वयंपाकघरात कोंडलं होतं. मुकादम दाराशी येऊन याला म्हणाला, "आपल्याला घरात शिरता येत नाही. रस्त्यावर आली तर उचलू. हाक मार. आली तर तुझी नोकरी कायम, नाही तर शर्ट काढून ठेव."

मी ओट्यावरून ओरडले, "मेल्या, तोंड उघडशील तर जिभेला कीड पडेल!"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून हाक मारली. हळूच मारली. आत ऐकू जाऊ नये, एवढं तरी त्याच्या मनात असेल.

आतून म्हैस रेकली. भांडी आदळली, कडी तुटली आणि म्हैस पाय दुखावून लंगडत बाहेर आली, गळ्याला लोंबकळत अक्का. म्हशीने त्याचा हात चाटला.

"अरे, धार काढायची राहिलीय," अक्का काकुळतीला आली. "तेवढी तरी काढू दे."

मुकादमाने घड्याळ बघितलं. म्हैस फळीवर चढेना, म्हणून हा आधी गाडीत चढला. मग तीही चढली.

संध्याकाळी किटली घेऊन आला. कोंडवाड्यात त्यानेच धार काढली होती. मी अक्काजवळच बसले होते.

"सोडवलीस?" अक्काने विचारलं.

"कायम झालो."

"आणि ती?"

"उद्या लिलाव."

"चांगल्या घरी जाईल ना रे?"

"लंगड्या म्हशीला कसायाशिवाय कोण घेतंय, अक्का?"

अक्काने दूध गाळलं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं, आता ओतते कढत पाणी याच्या डोक्यावर. खोटं कशाला बोलू, मी वाटच बघत होते.

"बस, पिऊन जा," ती म्हणाली. "दिवसभर उभा असशील."

आणि तो मेला बसला. बशीत ओतून, फुंकर मारमारून सगळा प्यायला.