दुसरा साक्षीदार

विशाखाताई मेश्राम भेटल्या की आधी समोरच्याचा चष्मा मागून घेत. जर्मनीतल्या येना शहरात भिंगांच्या कारखान्यात त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. चष्मा उजेडाकडे तिरका धरून त्या ओरखडे शोधत. आमची ओळख अशीच झाली. आम्ही येनाजवळच्या एका लहान गावात राहतो. त्यांची मैत्रेयी आणि माझी इरा तिथल्या शाळेत एका वर्गात. पालकसभेआधी जिन्यातच त्यांनी हात पुढे केला. "द्या जी तो चष्मा, भाऊ. बाप्पा! ग्रंथालयात काम करता म्हणे, आणि ह्यातून वाचता?" पर्समधून मऊ फडकं काढून त्यांनी काचा पुसून दिल्या. शर्टाने चष्मा पुसणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत वाईट होतं.

नागपूर सोडून बरीच वर्षं झाली, तरी त्यांचं जर्मन मोडकंच राहिलं. तरीही पालकसभेचं इतिवृत्त, इथल्या भाषेत प्रोटोकोल, लिहायचं काम त्यांनी मागून घेतलं. ते कोणालाच नको असतं. "व्याकरण मुख्याध्यापक सुधारतील," त्या म्हणत. "कोण काय बोललं ते मी लिहीन. कागदावर आलं नाही की सगळे म्हणतात, आम्ही कुठं काय बोललो?"

अशाच एका सभेत एका बापाचा आवाज चढला. त्याच्या मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवायचं ठरत होतं. गावच्या नेमबाजी मंडळाचा तो जुना सभासद. घरच्या लोखंडी कपाटात परवान्याच्या दोन बंदुका. तो वर्गशिक्षिकेला म्हणाला, "माझ्या कपाटात काय आहे ते गावाला माहीत आहे. निर्णय विचार करून घ्या." कोणीतरी हसलं. मी बुटांकडे बघितलं. या राज्यात एका शाळेत पूर्वी झालेला गोळीबार त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता.

विशाखाताई उभ्या राहिल्या. "कृपया पुन्हा सांगा. मी लिहिते आहे. कपाटात काय आहे?"

"गंमत केली हो," तो म्हणाला.

"बरं. 'गंमत केली असं म्हणाले', तेही लिहिते."

मुख्याध्यापक घाईने म्हणाले, कॉफी तयार आहे. आणि आम्ही सगळे खरोखर कॉफी प्यायलो. केकसुद्धा खाल्ला. त्या केकची मला आजही शिसारी येते.

सुधारून आलेल्या इतिवृत्तात फक्त एवढं होतं: 'निकालांवर उत्साहपूर्ण चर्चा झाली.' विशाखाताईंनी शस्त्रपरवाना कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. परवानाधारकाची पार्श्वभूमी कायद्याप्रमाणे तपासलेली आहे, नोंदींमध्ये आक्षेपार्ह काही नाही, शाळेची तक्रार नाही. दुसरा साक्षीदार असल्यास कळवावे. शाळा तक्रार करणार नव्हती. नाव खराब होतं म्हणे.

"कागद तपासतात, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "आणि कागद तर आपणच कोरा ठेवला. सहलीला मुलींसोबत जायचं म्हणून माझा पोलिसांचा दाखला ह्याच शाळेनं दोनदा मागितला." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही होते ना तिथं. द्या ना एक सही."

माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता. मी म्हणालो, "थोडं थांबू या, ताई."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "एवढं वाचता तुम्ही. दोन ओळी लिहा म्हटलं, तर अक्षर विसरले?" पुन्हा मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यानंतर त्या दारांच्या मागे लागल्या. वर्गांची दारं फक्त बाहेरून, किल्लीने बंद होत. शिक्षिकेला कुलूप लावायला व्हरांड्यात यावं लागे. आतून फिरवायची एक कडी प्रत्येक दाराला बसवा, एवढंच मागणं होतं. नगरपालिकेने 'नोंद घेतली'. सुरक्षेसाठी तरतूद नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही नोंदच घेतली. प्रत्येक बैठकीत विशाखाताई तोच मुद्दा मांडायच्या, आणि लोक घड्याळ बघायचे. मीही बघायचो.

मग त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तीन महिन्यांत त्या गेल्या. दवाखान्यात त्यांनी विचारलं, "दारांचं काय झालं?" मी म्हणालो, "होतंय." त्या खोटं ओळखून हसल्या आणि मैत्रेयीच्या डब्याबद्दल बोलू लागल्या.

शाळेने त्यांच्या नावाचा बाक करायचं ठरवलं. यासाठी तरतूद निघाली, आणि तीही पंधरा दिवसांत. ओक लाकडाचा बाक, पितळी पाटी, त्यावर 'अथक पालक' अशी अक्षरं. मुख्याध्यापकांनी भाषण केलं. पहिल्या रांगेत तो बाप टाळ्या वाजवत होता. मैत्रेयीला घरातलं मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. तिथेही तिने जर्मनमध्येच विचारलं, "आणि दार?" मुख्याध्यापकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आज आईची आठवण काढायचा दिवस आहे, बाळ.

तिने तो हात बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शस्त्रपरवाना कार्यालयात गेलो. मला नागरिकत्व मिळून तेव्हा चार महिने झाले होते. सभेतलं वाक्य मी शब्दशः सांगितलं. टेबलामागच्या बाईंनी ते टाइप केलं आणि विचारलं, "तेव्हा का नाही आलात?"

"पासपोर्ट हवा होता," मी म्हणालो.

त्यांची बोटं थांबली. "हे जबाबात घालायलाच हवं असं नाही."

"घाला," मी म्हणालो. त्यांनी घातलं. मी खाली सही केली.