मुकाईची चूल

गोटीराम हिशेबाचा पक्का, आणि गावाला त्याच्याकडून हिशेबच हवा होता. नाशिकच्या पश्चिमेला, तोफांच्या सरावाचं मैदान संपतं तिथे त्याचं गाव. मैदानावर लाल निशाण चढलं की गावाने गुरं आत बांधायची आणि गोटीरामने टेकडीवर जाऊन बसायचं. तोफेचा दणका आला की डाव्या ढिगात एक खडा, गोळा फुटला की उजव्या ढिगात एक. तोफा अठरा किलोमीटर लांब. त्यांचा दणका पोचेस्तोवर गोळाही डोक्यावर येऊन ठेपलेला असे. मध्ये जेमतेम चार श्वासांचं अंतर. संध्याकाळी दोन्ही ढीग सारखे भरले की तो खाली येऊन म्हणे, "जुळलं." मगच बायका गवताला जात. नाही जुळलं, तर फौजेची माणसं येऊन तो न फुटलेला गोळा शोधून काढीपर्यंत कुणी पाऊल टाकत नसे.

एकोणीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शेवटचा दणका आला. चार श्वास झाले, चाळीस झाले, काहीच फुटलं नाही. घरी नातीचं, दिशाचं, बारसं खोळंबलेलं, पाहुणे ताटकळलेले. आता कळवायचं म्हणजे बारसं बुडालंच. या गृहस्थाने काय करावं? पायाजवळचा एक खडा उचलून उजव्या ढिगात टाकला. "जुळलं," म्हणाला, आणि घुगऱ्या खायला बसला.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर त्याच्या शब्दाला काय किंमत उरली असती? पण झोप उडाली ती उडालीच. तरुणपणी तो मैदानावर गोळे कुठे पडतात ते मोजणाऱ्या फौजेच्या माणसांच्या हाताखाली रोजंदारीवर होता. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने त्याला गोळ्याच्या वाटेचा तक्ता वाचायला शिकवलं होतं. ओळखीच्या हवालदाराकडून त्याने बोलता बोलता त्या संध्याकाळी तोफेची नळी किती उचलली होती ते काढून घेतलं. आलेखाच्या कागदावर खाली जमिनीची सरळ रेघ मारली, वर गोळ्याची कमान काढली. कमान रेघेला जिथे टेकली, तिथे जाऊन एक दगड उभा केला आणि शेंदूर फासला.

"इथं मुकाई हाय," त्याने गावाला सांगितलं. "बोलायचं नाय, खणायचं नाय. अन् चूल देवीपाशी नाय मांडायची. तोफांकडं पाठ करून पस्तीस पावलं पुढं मांडायची."

गावाने ऐकलं. दर चैत्रात पहिल्या मंगळवारी बायका तिथे नैवेद्य रांधू लागल्या, तोंडातून चकार शब्द न काढता. तिथे पाखरंही गप्प होतात, असं त्या सांगत. गोटीरामला हसू यायचं. एकदा तो मुद्दाम भर दुपारी जाऊन उभा राहिला, आणि खरंच, एकही पाखरू बोलेना. देवी आपण उभी केली, मग ही शांतता कुणी आणली? तो त्यानंतर तिकडे फिरकला नाही.

यंदा त्याच मंगळवारी दिशा घरी होती. नाशिकला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. जुन्या ट्रंकेत तिला तो कागद सापडला.

"आबा, हे तुम्ही काढलंय? छान आहे. पण जमीन चुकलीय."

"जमीन कशी चुकंल?"

"सरळ रेघ मारलीत ना. पृथ्वी गोल आहे. अठरा किलोमीटरवर जमीन या रेघेच्या पंचवीस मीटर खाली गेलेली असते. म्हणजे गोळा रेघेपाशी थांबत नाही, तसाच तिरका खाली जातो आणि पुढे पडतो."

"किती पुढं?"

तिने मनाशी हिशेब केला. "वाऱ्याने थोडं इकडेतिकडे होईल. पण तीस-पस्तीस पावलं."

गोटीरामने खिडकीतून पाहिलं. माळावर धूर निघत होता. तिथे बायको नवसाबाई होती, अर्धं गाव होतं. सत्तरीचा म्हातारा वहाणा न घालता धावला.

तीन दगडांवर मोठी कढई, खाली लाकडं धडधडून पेटलेली, भोवती मुक्या बायका. तो धापा टाकत ओरडला, "उठा! देवी खोटी हाय! दगड मी ठिवलाय! खाली गोळा हाय!"

एकोणीस वर्षांत त्या जागी कुणी बोललं नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कलाबाईने पदर पसरला आणि ती जमिनीवर आडवी झाली. मग सगळ्याच. त्याच्या अंगात आलं होतं, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. जागची एकही हलेना.

गोटीरामला रडू फुटलं. चूल पेटलेलीच होती. मग त्याने डोळे फिरवले, मान घुमवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी मुकाई बोलतेय. चूल तशीच टाका. गावात जा. मागं वळून बघू नका!"

पाचव्या मिनिटाला माळ रिकामा झाला.

फौजेच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी खणलं. चुलीच्या बरोबर खाली, हातभर खोल, भाजून विटेसारख्या लाल झालेल्या मातीत तो आडवा पडला होता. "एकोणीस वर्षं यावर स्वयंपाक?" त्यांच्यातला एकजण पुटपुटला. त्यांनी तो दूर नेऊन फोडला, तेव्हा गावातल्या काचा हादरल्या.

गोटीरामने खड्याची गोष्ट सरपंचाला सांगितली, देवळात सगळ्यांसमोर सांगितली. लोक मान खाली घालून ऐकतात आणि निघताना त्याच्या पाया पडतात. दिशाने कागद दाखवून समजावलं. तिलाही हात जोडून झाले.

नवसाबाई आता त्याच्या ताटात जेवण वाढते आणि चार पावलं मागे सरून उभी राहते. पंचेचाळीस वर्षं जी त्याला कांद्यावरून, बिडीवरून, शेणाच्या पायांवरून फाडून खायची, ती आता ब्र काढत नाही.

"नवसे," तो म्हणतो, "मी हाय गं. शिव्या तरी दे."

ती पदर डोक्यावर ओढून घेते आणि हात जोडते.