मालक नसलेलं मशीन

आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी पुण्याहून गावी परत आले. गाव बीड जिल्ह्यात, नेकनूरच्या पुढे, फाट्यावरून आत. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती. दोन वर्षांनी आई गेली, पण मी परत गेले नाही. अण्णांना, म्हणजे वडिलांना, एकटं कसं सोडायचं, असं सगळ्यांना सांगत राहिले. खरं तर अण्णा सकाळी भाकरी बांधून मेंढरांमागे जायचे ते दिवस मावळताना यायचे. दिवसभर घरात एकटी मीच असायची.

आमच्या कंपनीची सगळी कामं क्लाउडवर चालतात. म्हणजे कुठल्यातरी दूरच्या इमारतीत ठेवलेल्या, आमच्यापैकी कुणीही न पाहिलेल्या भाड्याच्या संगणकांवर. त्यांना आम्ही मशीनं म्हणतो. गेल्या वर्षी पुण्याच्या आमच्या मॅनेजर बाईंनी माझ्यावर एक काम सोपवलं. सुरुवातीपासून सगळ्यांनी सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या एकाच कप्प्यात, टाकलं होतं. ग्राहकांची चालू कामं, चाचणीची मशीनं, जुन्या नोंदींचे साठे, सगळं एकत्र. एकाने चाचणीचा समजून एक साठा पुसला आणि तो एका ग्राहकाच्या रोजच्या वापरातला निघाला. त्यानंतर ठरलं, की प्रत्येक ग्राहकाचा प्रोजेक्ट वेगळा, चाचणीचा वेगळा, आणि ज्याचं काम त्यालाच आत जायची परवानगी. प्रत्येक मशीनला लेबल लावायचं, त्यावर दोन गोष्टी लिहायच्या: मालक कोण आणि उद्देश काय.

अण्णांनी एकदा जेवताना विचारलं, "काय करतीस गं बाई, दिवसभर त्या डब्यापुढं बसून?"

मी सांगितलं, सगळं एकात एक मिसळलंय, कुणाचं काय ते वेगळं करते.

"मंग आदीच खुणा कावून न्हाई केल्या?"

"घाई होती सगळ्यांना."

"लई येडे लोक हायेत," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. त्या आठवड्यात आमच्यात झालेलं सगळ्यात लांब बोलणं तेच.

काम मला आवडत होतं. रोज पाच-सहा जणांना निरोप पाठवायचा, हे मशीन तुमचं का? कुणी हो म्हणायचं, कुणी दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. निदान त्या निमित्ताने माणसं बोलायची. दोन महिन्यांत जवळपास सगळ्याला मालक मिळाला. शेवटी एक छोटं मशीन उरलं. त्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. ज्याच्या खात्यातून ते सुरू झालं होतं, ते खातंही कधीच बंद झालेलं. मी सगळ्यांना विचारलं, पंधरा दिवस थांबले. कुणी आपलं म्हणालं नाही. अशा वेळचा नियम असा, की मशीन पुसायचं नाही, आधी नुसतं बंद करायचं आणि कुणाचं काही अडतंय का ते पाहायचं. एका मंगळवारी सकाळी मी ते बंद केलं.

त्या दिवशी दुपारी मी ग्राहकांच्या परवानग्या तपासत बसले होते. पाच वाजत आले तेव्हा लक्षात आलं, की आज चारचा निरोप आलाच नाही.

हा निरोप काय होता ते सांगायला हवं. सगळे घरून काम करायला लागले, त्या काळात आमच्या टीममधल्या एका सरांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रोज दुपारी चार वाजता तो टीममधल्या प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवायचा, "चहा झाला का?" आपण काहीही लिहिलं, की त्याचं उत्तर यायचं, "छान." सर पुढे नोकरी सोडून गेले, निरोप मात्र येत राहिला. तो आपोआप येतो हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी रोज उत्तर द्यायची.

मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि आत पाहिलं. चारचा निरोप पाठवणारं मशीन तेच होतं. छोटासा प्रोग्रॅम आणि शेजारी एक फाइल. त्या फाइलमध्ये आजवर आलेली सगळी उत्तरं साठली होती.

सुरुवातीच्या पानांवर टीममधले सगळे होते. कुणी म्हणे दोनदा झाला, कुणी म्हणे बायको माहेरी गेलीय, कुणी नुसतं हो. मग नावं कमी होत गेली. वर्षभराने चार-पाच उरली. पुढे मी आणि एक सहकारी, मग तोही थांबला. त्यानंतर पानंच्या पानं फक्त माझं नाव.

"झाला. आज घरातलं आलं संपलं होतं."

"आईने आज दोन घोट स्वतः घेतले."

"लाइट नाही. फोनवरून लिहितेय. चुलीवर केला."

"अण्णा आज लवकर आले, दोघांनी घेतला."

आणि एका तारखेला: "आई गेली. चहा नाही केला." त्याखाली मशीनचं उत्तर: "छान."

ते उत्तर आलं तो दिवस मला आठवत होता. तेव्हा राग आला नव्हता. घरात बायका बसल्या होत्या, मी फोन पदराखाली धरून ते वाचलं आणि मला चक्क थोडं हसू आलं होतं. आता फाइलमध्ये मात्र मी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. इतकी वर्षं मी हे कुणाला लिहीत होते? कुणीतरी वाचत असेल असं मनात कुठेतरी धरून ठेवलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

मी सरांचा जुना नंबर शोधून फोन केला. ते आता दुसऱ्या कंपनीत होते. ओळख द्यावी लागली.

"अगं, ते अजून चालू आहे?" ते जोरात हसले. "आणि उत्तर कोण देतं त्याला?"

"मी."

मग मी लगेच पुढचं विचारून टाकलं.

"सर, तुम्ही वाचायचात का आम्ही लिहिलेलं?"

"पहिले सहा-सात महिने वाचायचो. खोटं कशाला सांगू, नंतर नाही." मग म्हणाले, "तुझं एक आठवतं मला. कपिलधारला गेली होतीस, धबधब्याच्या आवाजात मीटिंग ऐकूच आली नाही, आणि तू लिहिलंस की फार बरं झालं. मी बायकोला वाचून दाखवलं होतं ते."

मला ते आठवतही नव्हतं.

"त्या 'छान'चं राहूनच गेलं बघ," ते म्हणाले. "दहा-बारा वेगवेगळी उत्तरं घालणार होतो त्यात. काढून टाक आता ते. घरी सगळे बरे ना?"

"आई गेली सर. दीड वर्ष झालं."

"अरेरे," ते म्हणाले. "मला कळलंच नाही गं."

त्यांना कसं कळणार होतं? आम्ही अजून दोन मिनिटं बोललो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर बाईंचा निरोप आला, "त्या शेवटच्या मशीनचं काय?" मी एक नवा प्रोजेक्ट तयार केला, त्यात फक्त ते एकच मशीन ठेवायचं ठरवलं. मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मग उद्देशाच्या रकान्यापाशी अडले. पाच-सहा वेळा लिहिलं, खोडलं. टीमची विचारपूस, असं लिहिलं, तर टीममधून उत्तर देणारी मी एकटीच. जे खरं होतं ते कंपनीच्या नोंदीत लिहिण्यासारखं नव्हतं. अर्धा-पाऊण तास तो रिकामा रकाना समोर ठेवून बसले. बाहेर शेजारच्या बाई वाळवण उलटंपालटं करत होत्या. हाक मारली असती तर आल्या असत्या. पण मी कधी मारलीच नव्हती.

शेवटी मी फाइल स्वतःकडे उतरवून घेतली आणि मशीन पुसून टाकलं. नवा प्रोजेक्टही काढला. बाईंना कळवलं, "मालक कुणी नाही. काढलं." त्यांनी निरोपावर पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं. काम पूर्ण झालं. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि मीटिंग संपल्यावर पडद्यावरचे सगळे चेहरे एकेक करून गेले.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस वाईट गेले. चार वाजले की हात फोनकडे जायचा. मला वाटलं होतं सवय मोडेल. मोडली ती घरात बसण्याचीच. एका सोमवारी मी लॅपटॉप पिशवीत घातला, फाट्यावरून बस पकडली आणि बीडला गेले. स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींसाठी तिथे गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. त्यातल्या एकीत खिडकीजवळची जागा घेतली.

तिथेही कुणी बोलत नाही. बोलायला बंदीच आहे. पाटी लावलीय. मीटिंग असली की मला जिन्यात जाऊन उभं राहावं लागतं. पण पानं उलटल्याचा, खुर्ची सरकल्याचा, कुणी खोकल्याचा आवाज येतो. काही दिवसांनी शेजारच्या खुर्चीवरची बाई जिन्यात भेटली. माझ्याच वयाची असेल.

"ताई, तुमी कोणती परीक्षा देताव?" तिने विचारलं.

"परीक्षा नाही. माझी नोकरीच आहे ही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मंग इथं कावून येता? नोकरी असल्यावर मी तर घरीच बसले असते बाई."

मी तिला सांगायला सुरुवात केली. आत जायची तिची वेळ झाली होती, पण ती पायरीवर बसली आणि मला जागा द्यायला जराशी सरकली.