पिता न येणारं पाणी

मी निघाले तेव्हा जीप दारात हॉर्न वाजवत होती, अकोल्याहून गाडी पकडायची होती, आणि बाबा तांब्या घेऊन वाटेत आडवे उभे राहिले. "पानी पेऊन जा बाई." दोन घोट घेतले नि पळाले. हिवरखेडच्या आमच्या घरी येणाऱ्याला आधी पाणी, जाणाऱ्यालाही पाणी. बोलणं मागून.

आता मी ऑस्ट्रेलियातल्या एका रखरखीत खाणगावात राहते. सोन्याच्या खाणीत नोकरी म्हटल्यावर राजापेठेतल्या मावशीने लगेच बांगड्यांचं माप सांगितलं होतं. मावशी, पुन्हा सांगते, सोनं माझ्या हाती लागत नाही. दगड दळून, सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर जो पातळ चिखल उरतो, तो माझा. त्याच्यासाठी मी मोठाल्या गोल टाक्या डिझाइन करते. औषध घातलं की माती गोळा होऊन तळाशी बसते, आणि वरचं नितळ पाणी काठावरून सांडून पुन्हा कारखान्यात जातं. या कोरड्या मुलखात तेवढाच आधार. मला या कामाचा अभिमान आहे, उगाच कशाला लपवू?

आई गेल्यावर बाबांना इकडे आणलं. त्यांनी कायमचं राहावं, एवढंच मला हवं होतं. ते रोज सकाळी तांब्या भरून दाराजवळ ठेवायचे. इथे फोन केल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. संध्याकाळी ते पाणी कुंडीत जायचं.

घरच्यांना खाण दाखवतात त्या दिवशी मी त्यांना माझी टाकी दाखवली. काठावरून सांडणारं पाणी पाहून ते हरखले, कठड्यातून हात पुढे केला. मी तो घट्ट धरला. "बाबा, विष आहे त्यात."

"एवढं पानी साफ करून राहिली, अन् पेत कोनीच नाई?"

मला भयंकर राग आला. मी त्यांना तडक घरी आणलं. संध्याकाळी कुंडीत पाणी ओतताना ते म्हणाले, "तुह्या दारी कोनी येतच नाई. मी पानी कोनाले देऊ? जाऊ दे मले."

मी भांडले, रडले, मग त्यांचं परतीचं तिकीट काढलं.

गावात राहिलेले तुम्ही विचारता, तुझं घर आता कोणतं? माझ्यासारखे बाहेर पडलेले मात्र हे एकमेकांना कधी विचारत नाहीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता बाबा म्हणतात, "थांब, कोनी आलं." फोन खाटेवर पडतो. मला नुसतं छत दिसतं, आणि माठात तांब्या बुडाल्याचा आवाज येतो. मी फोन ठेवत नाही. आलेल्या माणसाचं पाणी पिऊन होईपर्यंत मी घरी असते.