रुरीच्या पाठीवरचं नाव

फुसाको मिनेगिशीच्या घरी गेलं की पाहुण्याला बसायला जागा शोधावी लागते. एका खोलीत फुसाको झोपते, बाकीच्या घरात रुरी राहते. रुरी म्हणजे बाहुली, जेमतेम वीतभर उंचीची. फुसाको लहान असताना ती बाजारात आली आणि अजून आहे. कात्सुशिका भागातल्या तिच्या गल्लीत एके काळी घरोघरी खेळण्यांची कामं चालायची. कुणाकडे बाहुल्यांचे केस ओवायचे, तर कुणाकडे बूट रंगवायचे. आता कारखाने गेले, त्या जागी गाड्या उभ्या राहतात, आणि रुरीचा सगळा गोतावळा फुसाकोच्या कपाटांत येऊन बसला आहे.

फुसाकोला विचारायची खोटी, की ती सुरू होते. पहिल्या वर्षीची रुरी डावीकडे बघते. दुसऱ्या वर्षी नजर समोर आली आणि डोळ्यांत पांढरा ठिपका पडला. पहिल्या वर्षीचे गुडघे ताठ, दुसऱ्या वर्षापासूनचे वाकणारे. खनिज तेलाची टंचाई होऊन प्लॅस्टिक महागलं, त्या वर्षी बिचारीचे पाय बारीक झाले. पुढे रुरीला मैत्रीण आली, मग कुत्रा आला, आणि वडील सगळ्यात शेवटी, तेसुद्धा प्रवासाची बॅग हातात घेऊनच. "आमच्या ह्यांच्यासारखे," असं फुसाको म्हणायची, आणि नवरा होता तोवर तोही हसायचा.

या गोतावळ्यात एक रुरी मात्र काचेआड नव्हती, फुसाकोच्या उशाशी असायची. ती तिची स्वतःची, लहानपणची. बाहुल्या जमवणाऱ्या मंडळींत ही फार मोठी गोष्ट आहे. सगळे जण चाळिशी-पन्नाशीत दुसऱ्याच्या बाहुल्या विकत घेतात. स्वतःची कधीच हरवलेली असते, नाहीतर आईने टाकून दिलेली असते. फुसाकोची होती, आणि तिला त्याचा भारी तोरा होता.

म्हणूनच या लोकांच्या मंडळाचं प्रदर्शन ठरलं तेव्हा पहिलं कपाट तिच्याच रुरीला मिळालं. मंडळाच्या चिटणीस होझुमीबाईंनी पाटीही ठरवून टाकली होती: एक मुलगी, एक बाहुली. रविवारी कॉफीच्या दुकानाच्या माडीवर सगळे जमले. होझुमीबाईंनी पांढरे हातमोजे चढवले आणि रुरीला उलटं केलं.

"फ्रॉक धुवायला हवा. पण हा मागून शिवून का टाकलाय?"

"आजीनं शिवला असणार. तिला दिसत नव्हतं. टाके बघा ना कसे आहेत, बदकानं घातल्यासारखे."

"म्हणजे तुम्ही हिला कधी उघडून पाहिलंच नाही? आमच्या बाहुल्यांचे तर फ्रॉक वर करून शिक्के वाचता, मिनेगिशीबाई."

"घरच्या माणसाचा जन्मदाखला मागतं का कुणी?" फुसाको म्हणाली आणि सगळे हसले.

होझुमीबाईंनी बारीक कात्रीने टाके उसवले. फ्रॉक निघाला. मग त्यांनी रुरीचा गुडघा वाकवून पाहिला. वाकेना. त्यांनी पाठ वर केली आणि बाहुली फुसाकोपुढे ठेवली.

पाठीवर शाईने नाव लिहिलेलं होतं. मऊ प्लॅस्टिकात शाई एकदा मुरली की निघत नाही. पसरून निळसर झाली होती, तरी अक्षरं लागत होती. किनुयो.

"धड पहिल्या वर्षाचं," होझुमीबाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या, "आणि डोकं दुसऱ्या वर्षाचं. ही जोडबाहुली आहे हो."

जोडबाहुली हा या मंडळींतला सगळ्यात वाईट शब्द. एकीचं डोकं दुसरीच्या धडावर बसवून भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात, तिला तसं म्हणतात. अशा कितीतरी बाहुल्या फुसाकोनेच नाक मुरडून परत पाठवल्या होत्या. बाकीच्यांना एकदम आपापली कॉफी आठवली.

किनुयो ही फुसाकोची थोरली बहीण. लहानपणी दोघींकडे एकेक रुरी होती. किनुयोची पहिल्या वर्षीची, फुसाकोची त्याच्या पुढच्या वर्षीची. आई घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव घालायची, छत्रीवर, बुटांत, पेन्सिलीवर. तसं बाहुल्यांच्या पाठीवरही घातलं होतं. आता फुसाकोच्या उशाशी निजणाऱ्या रुरीच्या पाठीवर बहिणीचं नाव. मग फुसाकोची कुठे गेली? आणि ही कुणाची?

घरी येऊन तिने रुरीला जेवणाच्या टेबलावर बसवलं आणि समोर बसली. चेहरा तर तिचाच होता. डाव्या गालावरचा ओरखडा तिने स्वतः काट्याने काढलेला, तो तिथेच होता. पण बाहुलीचं वर्ष धडावरून ठरतं, कारण शिक्का धडावर असतो. हे तीच तर सगळ्यांना शिकवत आली होती. त्या हिशेबाने ती जन्मभर बहिणीची बाहुली कुशीत घेऊन झोपली होती. आई म्हणायचीच की, ताईनं तुला तिची रुरी दिली. फुसाको त्यावर हसायची. आईला बाहुल्यांतलं काय कळतंय? आणि एक रुरी देवळात दिली, असंही तिने ऐकलं होतं, ती ताईचीच असं ती धरून चालली होती. पण फुसाकोला दिलेली बाहुली देवळात कशी जाईल? एक धागा ओढावा तर दुसरीकडे गाठ बसत होती. किनुयोनेच खोडी काढून डोकी बदलली असतील आणि नको ते धड आपल्या माथी मारलं असेल, असंही तिच्या मनात आलं, आणि या वयात तिला बहिणीचा राग आला.

राग, गोंधळ आणि बाहुली घेऊन ती दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे मात्सुदोला गेली. किनुयो तिथे एकटी राहते. तिचे गुडघे पहिल्या वर्षीच्या रुरीसारखे झाले आहेत आणि बाहुल्यांविषयी तिला काडीचं प्रेम नाही. ती मुळ्याचं लोणचं घालत बसली होती.

"आलीस? आज पोरीबाळींना घरी टाकून?"

फुसाकोने रुरी तिच्यापुढे पालथी ठेवली. "ताई, हिच्या पाठीवर तुझं नाव का आहे?"

किनुयोने हात पुसले, चष्मा लावला आणि पाहिलं. "उसवलेसच का शेवटी? मला वाटलं होतं, मी गेल्यावर उसवशील."

"ते टाके तुझे?"

"मग कुणाचे? आठ वर्षांच्या पोरीला याहून सरळ येतात होय?"

"मी आजीवर ढकलत होते इतकी वर्षं."

"ढकल. आजीमुळेच झालं सगळं." किनुयोने मुळा बाजूला सारला. "तुला न्यूमोनिया झाला होता, आठवतंय? तू शुद्धीत नव्हतीस आणि ही कुशीत. आजी म्हणाली, पोरीचं दुखणं बाहुलीनं ओढून घेतलंय, आता हिला देवळात देऊन जाळायला हवी, घरात ठेवली तर दुखणं परत येईल. आधी तोंडाला पांढरा कागद गुंडाळा म्हणाली. जाताना नजरानजर झाली तर तिचा पाय निघत नाही म्हणे. गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं."

"मग?"

"मग काय. तू जागी झालीस की आधी हिला शोधणार, हे मला ठाऊक होतं. आणि आई पाठीवरचं नाव बघणार, हेही. कागद सोडून तोंड कोण बघतंय? म्हणून तुझ्या नावाचं धड पाठवलं, वर माझ्या रुरीचं डोकं लावलं. तुझ्या रुरीचं डोकं माझ्या धडावर बसवलं, फ्रॉक शिवला, आणि आईला सांगितलं, माझी फुसाकोला दिली."

"नाव खोडून दुसरं लिहायचंस. तुझी आख्खी गेली असती, माझी आख्खी राहिली असती."

"शाई निघते का, शहाणे? आणि दुखणं तर कुठेतरी जायला हवं होतं. मी विचार केला, तुझं छातीत आहे, म्हणजे बाहुलीच्याही छातीतच गेलं असणार. मग तेवढं जाळलं की झालं. तोंड ठेवायला हरकत नाही."

फुसाकोने रुरी उचलून मांडीवर घेतली.

"पण मेलं खात्री वाटेना," किनुयो म्हणाली. "थोडं डोक्यात राहिलं असलं तर? तू खोकलीस की मी उठून बसायचे. तो आख्खा हिवाळा तसाच काढला. तेव्हापासून मला बाहुल्या नकोशा झाल्या."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तू प्रत्येकाला सांगत सुटायचीस, माझी रुरी, माझी रुरी. तुझीच होती ना."

फुसाको तिथेच रडली. किनुयोने तिला लोणच्याच्या हाताने थोपटलं आणि मग तिच्या ब्लाउजला मिठाचे डाग पडले म्हणून तिलाच बोलली.

घरी परतल्यावर फुसाकोने होझुमीबाईंना फोन केला आणि पहिल्या कपाटात दुसऱ्या कुणाची तरी रुरी ठेवायला सांगितलं. मग तिने आपलं सगळ्यात आतलं कपाट उघडलं. तिथे पहिल्या वर्षीची एक रुरी होती, डब्यातून कधीच न काढलेली, हातांना दोरा बांधलेला तसाच. ती पाहायला लोक ओसाकाहून यायचे. फुसाकोने दोरा कापला. फ्रॉक वर केला, शाईचं पेन घेतलं आणि पाठीवर आईसारखं ठळक अक्षरात लिहिलं, किनुयो. मंडळातल्या कुणी पाहिलं असतं तर त्याला चक्कर आली असती. शेवटचं अक्षर जरा वाकडं आलं.

पुढच्या रविवारी तिने ती बहिणीच्या हातात दिली. किनुयोने आधी पाठ पाहिली. "इतक्या किमतीची वस्तू खराब केलीस? अक्कल गहाण टाकलीस का?"

"माझीच आहे. काय वाटेल ते करीन."

मग किनुयोने बाहुली सुलट केली. डावीकडे पाहणारे डोळे, तपकिरी केस, लहानसं तोंड. ती खिडकीपाशी जाऊन उजेडात बघून आली, परत बसली, परत पाहिलं.

"माझी अशी होती?"

"अशीच, ताई. त्या वर्षीच्या सगळ्या अशाच."

"मला आठवत नाही गं," किनुयो म्हणाली. "तुझ्या रुरीचं तोंड अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. माझी कशी दिसायची, तेच आठवत नाही."

 मग तिने लोणच्याची बरणी सरकवून टेबलावर जागा केली, रुरीला तिथे बसवलं, आणि तिचे केस विंचरायला आपला कंगवा शोधू लागली.