कातळात हरवलेला आमचा देव

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मला पडायचा तो वेगळाच: असला तर आमच्याकडे त्याचं लक्ष आहे का? सकाळी दिवा लावताना मी त्याच्याशी भांडतेसुद्धा. गेल्या वर्षी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कापणीच्या दिवसांत मात्र मी त्याच्याशी भांडणही टाकलं होतं. दिवा लावायचे आणि त्याच्याकडे न बघता शिलाई मशीनवर जाऊन बसायचे.

कारण माझी सासू जेवत नव्हती. तिला आम्ही सगळे आय म्हणतो. सूर्यमाळच्या बाजूला डोंगरावर आमचा पाडा आहे, तिथे ती राहायची. पावसाळ्याच्या शेवटी तिला झटका आला आणि आम्ही तिला जव्हारला आमच्याकडे आणलं. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण डोक्यातलं बरंच काही पुसलं गेलं. नेमकी एक गोष्ट तेवढी घट्ट राहिली. आमच्याकडे शेतातलं नवं धान्य देवाला दिल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. ताट पुढे ठेवलं की आय विचारायची, "नवं दिलं का देवाला?" दिलं म्हटलं तरी तिला पटायचं नाही. मी मागच्या वर्षीचे तांदूळ शिजवले, तर हुंगून म्हणाली, "नवं हाय." बिस्किटालाही ती नवंच म्हणायची. कोरा चहा आणि थोडं दूध, यापलीकडे पोटात काही जाईना. डॉक्टरांनी नळी घातली, ती तिने उपटून टाकली. घरी घेऊन जा, जमेल तसं भरवा, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

माझ्या नवऱ्याने पाड्यावरून नागलीची कणसं मागवून घरच्या देवापुढे ठेवली, नारळ फोडला, तिला उचलून आणून दाखवलं. ती म्हणाली, "इथं नाय. वर कातळात." आणि तोंड फिरवून भिंतीकडे झोपली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग तिचा येत होता की देवाचा, ते आजही सांगता येणार नाही.

पाड्याच्या वर, राखीव जंगलात, कातळांचं एक रान आहे. काही दगड भाकऱ्यांची चवड लावावी तसे एकावर एक बसलेत, काही खांबासारखे सरळ उभे, काहींची मान बारीक आणि डोकं एवढं मोठं की खालून जाताना जीव मुठीत धरावा लागतो. हल्ली बाहेरचे लोक तिथे फोटो काढायला येतात. त्यांना त्यात उंट दिसतो, कासव दिसतं. आमच्या माणसांचे तिथे देव आहेत, प्रत्येक कुळाचा वेगळा. नाव नाही, देऊळ नाही. शेंदूर लावला तर तो पावसात धुऊन जातो. वडीलधाऱ्यांनी हात धरून न्यावं आणि दाखवावं, हीच काय ती ओळख. सासरे गेल्यावर आय एकटीच वर जायची, कारण थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, जव्हारला नोकरीत, धाकटा मजुरीसाठी भिवंडीला. आपला दगड कोणता, हे घरात फक्त तिला ठाऊक होतं. तिला ते आठवेल या आशेवर धाकट्याला बोलावून घेतलं आणि आम्ही तिला घेऊन निघालो.

जीप जाते तिथपर्यंत जीपने गेलो. पुढे बांबूला चादरीची झोळी बांधून दोघा भावांनी तिला खांद्यावर घेतलं, मी मागून पाणी आणि कणसांचं फडकं घेऊन चालत होते. आमच्याकडे आजारी माणसाची झोळी डोंगरावरून खाली दवाखान्याकडे येते. आमची वर चालली होती. शेतातली माणसं काम थांबवून बघत राहिली. जंगलाच्या फाटकावरच्या माणसाने झोळीत वाकून पाहिलं आणि काही न विचारता दांडा वर केला. मला मात्र आपण हे काय करतोय असं वाटत होतं. वाटेतच काही झालं तर लोक काय म्हणतील, इथपर्यंत माझे विचार गेले होते.

कातळांत पोचलो तेव्हा धुकं पुरतं उठलं नव्हतं. आयला टेकवून बसवलं. तिने एका दगडाकडे बोट दाखवलं. तिथे नेली तर म्हणाली, "यो नाय." दुसरा दाखवला, तोही नाही. मग तिसऱ्याच दिशेला हात केला. शेवटी माझ्या नवऱ्याने वैतागून समोरच्या एका उभ्या दगडापाशी कणसं ठेवली, उदबत्ती लावली आणि तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "आये, दिलं बघ. आता खाशील ना?"

आयने डोळे उघडले. "मला फसवतंस," एवढंच म्हणाली. धाकटा भाऊ बांबू खाली टाकून बाजूला जाऊन उभा राहिला. तो रडत होता.

तेवढ्यात दगडांमागून एक बाई आली. आयच्या वयाची असेल, डोक्यावर टोपली, काष्टा गुडघ्यापर्यंत. पलीकडच्या डोंगरावरची. आम्हाला पाहून थबकली.

"कोयता इसरलू तं माघारी आलू," म्हणाली. "तुम्ही काय शोधतां?"

"आमचा देव सापडत नाही," मी म्हणाले. म्हणताना मलाच कसंतरी झालं.

ती हसली, पण टिंगल करून नाही. आयपाशी जाऊन उकिडवी बसली. "काय बाय, आजारी हायेस का?"

आयने तिच्याकडे नीट पाहिलं आणि आम्हाला रोज विचारायची तेच तिलाही विचारलं, "नवं दिलं का देवाला?"

"दिलं ना. सगली घरा गेली, मीच मागं रायलू. ही बघ देवाची भाकर." तिने टोपलीतून फडक्यात बांधलेली नागलीची भाकरी काढली.

"दे," आय म्हणाली.

तिने हात पुढे केला, तुकडा मोडला आणि खाल्ला. तिने दुसरा तुकडा खाल्ला, पाणी मागितलं, पुन्हा खाल्लं. तो देव कुणाच्या कुळाचा, दगड कोणता, हे तिने विचारलंच नाही. आम्ही तिघं तिच्याभोवती बसून नुसते बघत होतो. बाईने तिचा कोयता शोधला, उरलेली भाकरी आयच्या पदरात बांधली आणि उन्हं चढायच्या आत घरी पोचायचंय म्हणून निघून गेली. गडबडीत तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून आय जेवायला लागली. भात, डाळ, काहीही. नवं दिलं का, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर ती चैत्रापर्यंत जगली. एका दुपारी जेवून आडवी झाली आणि झोपेतच गेली. भरल्या पोटी गेली, याबद्दल मी देवाचे उपकार मानते आणि मरेपर्यंत मानीन.

मला खूप दिवसांनी एक गोष्ट कळली. घरी नारळ फोडला तेव्हा आणि कातळात कणसं ठेवली तेव्हाही आम्ही देवाला काहीच दिलं नव्हतं. आम्ही ते आयला पटावं म्हणून दिलं होतं. तिचं डोकं कितीही विसरलेलं असलं तरी एवढा फरक तिला कळत होता. त्या बाईने मात्र खरोखर दिलं होतं, आमचा विचारही मनात नसताना, आणि त्यातलं आमच्या वाट्याला आलं.

यंदा नागली झाल्यावर मी एकटीच वर गेले. आमचा दगड कोणता ते अजून ठाऊक नाही आणि आता कळणारही नाही. जिथे दम लागला तिथे थांबले, कणसं खाली ठेवली आणि हात जोडले. काही मागायचं सुचलंच नाही. परतताना भूक लागली होती.